जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स : आपापले अनुभव लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरचे चांगले चालणारे लॅपटॉप अडगळीच्या वाटेला लागले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. त्याआधीचं यंत्र कितीही धडधाकट असो, अधिकृतपणे ते बाद. मला हे पटत नाही. जुन्या यंत्राला एखादं नेमकं काम नेमून दिलं की ते आणखी बरीच वर्षं निभावतं. तेव्हा कोणतं मशीन, कोणता डिस्ट्रो (म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या फुकट प्रणालीचा कोणता प्रकार), कुठे अडलं आणि आज ते कोण वापरतंय, हे सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. कोअर टू ड्युओचा लॅपटॉप, २ जीबी रॅम. पुण्याच्या तपकीर गल्लीतून रॅमची आणखी एक पट्टी आणली, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. सगळ्यात जास्त फरक एसएसडीने पडला. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर तिच्यावरच घाला. बाबा त्यावर पेपर वाचतात, कीर्तनं ऐकतात. यूट्यूब मात्र अडखळायचं, कारण ते व्हीपी९ या नव्या प्रकारात व्हिडिओ पाठवतं आणि त्याचा सगळा भार या जुन्या प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्सला, व्हिडिओ जुन्या एच२६४ प्रकारात मागवणारं एच२६४इफाय हे अ‍ॅड-ऑन जोडलं, दर्जा ४८०पीवर ठेवला, आणि आता कीर्तन मध्ये तुटत नाही.

*

छान विषय. आमच्याकडे डेस्कटॉप आहे, मुलींसाठी. लुबुंटू हा हलका डिस्ट्रो टाकल्यावर सगळं सुरळीत होतं, पण ब्राउझर एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. नवऱ्याचं म्हणणं वायफाय बिघडलंय. माझं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं : तारीख होती १ जानेवारी २००७. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला होता. तारीखच चुकली की साइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात. घड्याळवाल्याकडून सेल आणून बदलला, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तारीख लावली, काम झालं. जुनं मशीन हातात आलं की आधी हा सेल बदलावा. धाकटी जीकॉम्प्रीवर बेरजा करते, मोठी टक्सपेंटमध्ये किल्ले काढते. इंटरनेट नसलं तरी दोन्ही चालतं, मला तेच हवं होतं.

*

पेंटियम ४ असेल तर माझा सल्ला वेगळा : सोडून द्या. लिनक्स चालेल, पण एकटा प्रोसेसरच ८०-१०० वॅट खातो. त्यापेक्षा वापरलेला लॅपटॉप घ्या. जुना डबा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, डिस्क पुसूनच.

*

माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन गेलेला. दुकानदाराने सांगितलेल्या दुरुस्तीच्या खर्चात दुसरा जुना लॅपटॉप आला असता. म्हणून याच्यावरच डेबियन हा डिस्ट्रो टाकला, डेस्कटॉपशिवाय, नुसता कमांडवर चालणारा. आता तो कपाटावर असतो आणि एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरून) सांभाळता येतो. साम्बा या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरमुळे घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी येतात, पाय-होलमुळे फोनवरच्या बऱ्याच जाहिराती थांबतात.

आमच्या गावात लोडशेडिंग आहे आणि तिथे लॅपटॉपची खरी किंमत कळते. त्याची बॅटरी थकलेली असली तरी लाइट जाऊन येईपर्यंत तग धरते, डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस लागला असता. राउटरला तेवढा छोटा यूपीएस लावलाय. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून लॉगिनडी या लिनक्सच्या सेवेच्या सेटिंगमध्ये लिड स्विच (झाकणाचा स्विच) ‘इग्नोर’ करायला विसरू नका. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती लगेच काढा, तिथे काटकसर नको.

*

माझी लिनक्सशी ओळख उबुंटू या डिस्ट्रोच्या शिपइट योजनेतल्या सीडीमुळे झाली. मागणी नोंदवली की सीडी पोस्टाने फुकट घरी यायची. तालुक्याच्या गावात डायल-अपवर ७०० एमबी उतरवणं अशक्य होतं, त्यामुळे ते पाकीट म्हणजे मोठीच गोष्ट. २०११ला ती सोय थांबली. तोवर माझ्याकडच्या सीडी शाळेतल्या मित्रांमध्ये फिरून ओरखडल्या होत्या.

*

३२-बिट (जुन्या प्रकारच्या प्रोसेसरचं) नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, अजून कोणाकडे आहे का? माझं अ‍ॅटमवालं, १ जीबी रॅमचं. उबुंटूने ३२-बिट केव्हाच सोडलं, डेबियन १३नेही त्याचा इन्स्टॉलर देणं थांबवलं, आणि फायरफॉक्सने १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्सला रामराम केला. मी अँटीएक्स हा हलका डिस्ट्रो टाकलाय, कमी रॅममध्ये भागवणारं झेडरॅम चालू केलंय. वेबसाठी आता त्याचा उपयोग नाही, तो हट्ट मी सोडला. पण आयबस (टंकलेखनाची सोय) आणि इनस्क्रिप्ट (मराठी कळफलक) लावून त्यावर मराठी लिहायला फार छान वाटतं. आईच्या ओव्या त्याच्यावरच टंकतोय : ती म्हणते, मी लिहून घेतो. फायली यूटीएफ-८ (युनिकोड) साध्या मजकुरात ठेवतो, म्हणजे पुढे कुठल्याही मशीनवर उघडतील. अशा नेटबुकवर अँटीएक्सपेक्षा पपी हा डिस्ट्रो हलका पडतो का, हे कोणी वापरून पाहिलं असेल तर जरूर लिहा.