मदत हवी आहे: ब्रेक दाबला की गाडी मागून फिरायली

जालनाकर: जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात अन् गाडी आडवी व्हायली. ब्रेकची लायनिंग (घासून चाक थांबवणारी पट्टी) नवीन, टायर नवीन. पुतण्याचं लग्न जवळ आलंय, वरात याच गाडीतून काढायची. पटकन सांगा काय करावं.

परभणीकर: गाडी कोणती? ब्रेक तेलाचे (तेलाच्या दाबानं लागणारे) की रॉडचे (लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे)?

जालनाकर: फोर्ड. आजोबांची.

परभणीकर: अहो, टी का ए? मॉडेल टीला पुढच्या चाकांना ब्रेकच नसतात.

जालनाकर: ए, १९३० ची. रॉडचे.

लातूर गॅरेज: रॉड काढून फेका, जीपचे तेलाचे ब्रेक बसवा. मी बसवून दिलेत, एकाचीही तक्रार नाही.

अंबडचे काका: असलं काही करू नका. फोर्डनं तेलाचे ब्रेक १९३९ ला आणले, तोवर रॉडवरच लाखो गाड्या थांबत होत्या. ब्रेक लागला की वजन पुढं जातं. गुरुत्वमध्याची उंची चाकांमधल्या अंतराच्या पाव धरा, अर्ध्या जीनं (म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दरानं वेग कमी होत) गाडी थांबली तर एकूण वजनाचा आठवा हिस्सा मागून पुढं सरकतो. मागची चाकं हलकी झाली की ती आधी घसरतात. तेल घालून हे बदलत नाही.

लातूर गॅरेज: मग कंपनीनं मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी लागतील असं का ठेवलं? डुसेनबर्गनं १९२१ लाच चारी चाकांना तेलाचे दिले होते.

अंबडचे काका: कारण पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, ही भीती तेव्हा मोठी होती. म्हणून ए मॉडेलला मागचे आधी घासतात, पुढचे जरा उशिरा. पण फरक थोडासाच. यांची गाडी आडवी होते म्हणजे पुढचे कामच करत नाहीत.

बीडवासी: नोंदणी केली का? ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए (व्हिंटेज गाड्यांच्या) मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं.

जालनाकर: दादा, ब्रेकचं विचारलंय.

परभणीकर: लायनिंग चारी चाकांना बदलली का?

जालनाकर: मागंच. पुढची ठीक दिसली म्हणून मिस्त्रीनं राहू दिली. वर पुढचे रॉड क्लेविस (रॉडच्या टोकाचा, पिन बसते तो काटा) फिरवून 'सेट' केलेत.

अंबडचे काका: तिथंच गडबड आहे! रॉडची लांबी ही ब्रेक आवळायची जागा नव्हे. पेडल सोडलेलं असताना पिन ओढाताण न करता भोकात बसली पाहिजे, बस. ब्रेक आवळायचा तो ड्रममागच्या पत्र्यावरच्या चौकोनी डोक्याच्या स्टडनं. चारी चाकं उचला, पेडल लाकडानं थोडं थोडं दाबून धरा अन् प्रत्येक चाक हातानं फिरवून बघा. त्याआधी पुढचे ड्रम उघडा.

जालनाकर: उघडले. डावीकडं ग्रीस आलंय, लायनिंग काळी पडलीय. पेट्रोलनं धुतली तर चालेल का?

अंबडचे काका: नाही. ग्रीस मुरलेली लायनिंग तापली की पुन्हा सोडते. दोन्ही बाजूंची बदला, नाहीतर गाडी एकीकडं ओढेल. आणि आधी हबचं (चाकाच्या मध्यभागाचं) ग्रीस अडवणारं सील बघा.