'अ‍ॅडॅप्टिव्ह'ला मराठीत काय म्हणायचं? अनुकूलित, सोयीचे, की बेतलेले खेळ?

गोदाकाठ
मे महिन्यात आम्ही काही जण मिळून सहा दिवसांचं उन्हाळी शिबिर घेतोय, सकाळी आठ ते साडेअकरा, आठ ते सोळा वयाची मुलं, त्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी) असलेली आहेत, डाउन सिंड्रोम असलेली आहेत, दोघं पूर्ण अंध आहेत आणि या सगळ्यांची भावंडंही येणारेत. पत्रक मी लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. इंग्रजीत 'अ‍ॅडॅप्टिव्ह रिक्रिएशन' म्हटलं की झालं, म्हणजे अशा मुलांना भाग घेता यावा म्हणून बदल केलेले खेळ आणि करमणूक. मला एकाने 'अनुकूलित मनोरंजन' सुचवलं आणि ते वाचून माझं मलाच कळेना की आपण मुलांना नक्की काय देणार आहोत. परिभाषा कोशातला शब्द नकोय, आईवडलांनी उभ्याउभ्या वाचला तरी समजेल असा हवाय.

सह्यकडा
'अनुकूल' हा मुळात सुंदर शब्द आहे, कूल म्हणजे नदीचा काठ, काठाच्या बाजूने जाणारं ते अनुकूल आणि उलट जाणारं ते प्रतिकूल. पण अनुकूलन आपण शाळेत शिकलो ते उंटाचं आणि निवडुंगाचं. तिथे वाळवंट आहे तसंच राहतं आणि उंटाला बदलावं लागतं. तुमच्या शिबिरात नेमकं उलटं हवंय, मूल आहे तसं येणार आणि बदलायचं ते खेळाने, चेंडूने, मैदानाने. 'अनुकूलित' वाचल्यावर कुणी कुणासाठी बदलायचं हे कळतच नाही, म्हणून मी तरी तो घेणार नाही.
'सुगम्य' पण चर्चेत येईल, सरकारने 2015 मध्ये सुगम्य भारत अभियान काढलं तेव्हापासून तो रुळलाय, पण तो इमारत, रस्ता, वेबसाइट यांना शोभतो. तिथपर्यंत पोचता येणं म्हणजे सुगम्य. पोचल्यावर खेळता येईल का हा पुढचा प्रश्न.

वाळवण
एवढं लांब कशाला जायचं, आपल्याकडे लिंबूटिंबू आहे ना! कुठे कच्चा लिंबू म्हणतात. लहान किंवा कमी पळणारं पोर असलं की त्याला खेळात घ्यायचं पण आउट धरायचं नाही. नियम बदलून सामावून घ्यायची पद्धत आपल्या अंगणात आधीपासून आहे, तर शब्दही तिथलाच घ्या.

चिंचबोरं
वाळवण, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय मला, पण प्लीज हा शब्द नका घेऊ. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. खाली मुलं लपंडाव खेळतात, डोंगर-पाणी खेळतात, आणि त्याला घेतात सुद्धा, कुणी नाही म्हणत नाही, पण कायम लिंबूटिंबू म्हणून. तो पकडला गेला तरी खेळ चालू राहतो, त्याने कुणाला पकडलं तरी ते मोजत नाहीत. एक दिवस वर आल्यावर मला म्हणाला, आई माझ्यावर राज्य कधी येणार? मला काही उत्तर देता आलं नाही, मी कणीक मळत राहिले.
लिंबूटिंबूमध्ये खेळ तोच राहतो आणि मुलाला हिशेबातून काढतात. मला हवंय ते असं की खेळ जरा बदला पण माझ्या मुलाला आउट करा. डोंगर-पाण्यात डोंगर म्हणजे ओटा न धरता खडूने आखलेला गोल धरला की त्याची चेअर पण डोंगरावर जाते, एवढंच तर करायचं असतं.

पाटीपेन्सिल
चिंचबोरं, अगदी. मी अंध मुलांच्या शाळेत शिकवते, आमच्याकडे हा फरक रोज दिसतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू कडक प्लॅस्टिकचा, आत छर्रे असतात त्याचा खुळखुळ आवाज येतो, बॉलिंग खालून. बॉलर विचारतो रेडी? बॅट्समनने हो म्हटलं की मगच 'प्ले' म्हणून चेंडू सोडायचा. अकरा जणांत निदान चार पूर्ण अंध लागतातच आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट धरतात. पण बोल्ड झाला की झाला, निघायचं! स्टंप धातूचे असतात त्यामुळे तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि मग जी काही वादावादी होते ती कुठल्याही गल्लीतल्यासारखीच.
व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे चालतात, बाकी टेनिस तेच. अंधांच्या बुद्धिबळात काळी घरं जराशी उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खिळी आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोचणारी बारीक पिन, म्हणजे बोटांनी चाचपून पट वाचता येतो, पण नियमाने घोडा अडीच घरंच जातो. हे सगळं 'अ‍ॅडॅप्टिव्ह'. सवलत आणि हे वेगळं.
आणि गोलबॉल, चेंडू घरंगळवून गोल करायचा अंधांचा खेळ! त्यात सगळ्याच खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते, चेंडूत घुंगरू, प्रेक्षकांनी गप्प बसायचं. आंधळी कोशिंबीर म्हणा ना. शिबिरात भावंडांनाही पट्टी बांधून खेळवा, आमच्या मुली तेव्हा सगळ्यांना हरवतात.

सह्यकडा
मग 'बेतलेले खेळ' कसं वाटतं? शिंपी कापड बेततो ना, अंगाचं माप घेऊन. कापडच कापायचं, माणसाला नाही. बोली भाषेतला आहे, कुणालाही कळतो.

वाळवण
चिंचबोरं, मी मागे घेतो तो शब्द. लहानपणी आमच्यातही एक जण कायम लिंबूटिंबू असायचा, आम्हाला वाटायचं आपण चांगलंच वागतोय. त्याला कसं वाटत असेल हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.
'बेतलेले' आवडला. फक्त 'जिवावर बेतणे' पण आहे, तेवढं ऐकू येणार नाही ना?

दूरदेशी
मी इलिनॉयमध्ये असते. इकडे शेजारशेजारच्या गावांची पार्क खाती एकत्र येऊन असे कार्यक्रम चालवतात आणि ते दोन शब्द वेगळे वापरतात, ते तुमच्या पत्रकाला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. 'अ‍ॅडॅप्टिव्ह' म्हणजे या मुलांसाठी मुद्दाम आखलेला वर्ग, आणि 'इन्क्लुजन' म्हणजे सगळ्यांच्याच शिबिरात मूल जाणार आणि त्याच्यासोबत मदतीला एक माणूस असणार. दोन्हींची गरज असते, पण कुठलं आहे ते आधी सांगावं लागतं. भावंडं येणार म्हणजे तुमचं दोन्हींच्या मधलं दिसतंय.
स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या स्पर्धा, त्यांचं मूळ पण समर कॅम्पच बरं का. त्या सुरू करणाऱ्या युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अपंगत्व होतं. अशा मुलांना कुठलाच कॅम्प घेत नाही म्हणून 1962 मध्ये युनिसबाईंनी मेरिलँडमधल्या आपल्या घराच्या आवारातच कॅम्प सुरू केला, आणि 1968 मध्ये शिकागोला पहिली स्पर्धा झाली.

चिंचबोरं
"कुठलाच कॅम्प घेत नाही" हे 1962चं आहे? मला गेल्या वर्षी एका शिबिरवाल्यांनी फोनवर हेच सांगितलं, तुमच्यासाठी वेगळी विशेष शिबिरं असतात ना म्हणाले. म्हणून माझी विनंती, 'विशेष' टाकू नका. तो शब्द आमच्यासाठी 'इकडे नको, तिकडे जा' असाच वापरला जातो.
आणि 'रिक्रिएशन'ला पण शब्द नीट शोधा. माझ्या मुलाचं सगळं आयुष्य थेरपी आहे, फिजिओ, स्पीच, ऑक्युपेशनल, चेंडू हातात दिला तरी तो पकड सुधारायला म्हणून. त्याला नुसतं, काहीही न सुधारता, खेळू दे.

पाटीपेन्सिल
हे तर कायद्यातही वेगळं सांगितलंय. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या 2006च्या करारात कलम 30 सांस्कृतिक जीवन, रंजन, फावला वेळ आणि खेळ यांसाठीच आहे, आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 29 संस्कृती आणि रंजनाचं, कलम 30 खेळांचं. उपचार, पुनर्वसन याची कलमं वेगळी.
शब्दांत 'विरंगुळा' मला फार आवडतो, पण विरंगुळा केंद्र म्हटलं की आता ज्येष्ठ नागरिक डोळ्यांसमोर येतात. मनोरंजन म्हणजे बसून बघायचं. 'करमणूक'मध्ये जीव रमणं आहे पण तेही बसूनच. मुलांसाठी सरळ 'खेळ आणि मजा' लिहा की!

सह्यकडा
अपंग, विकलांग, दिव्यांग यातलं काय घेणार? 2015च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सुचवल्यापासून सरकारी कागदात दिव्यांगच आहे, महाराष्ट्रात 2022 मध्ये दिव्यांग कल्याण विभागही वेगळा झाला, पण अनेकांना तो आवडत नाही.

चिंचबोरं
मला नाही आवडत. त्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्यात दिव्य काय आहे. पण शेजारच्या ताईंना 'अपंग' ऐकलं की रडू येतं, त्यांना दिव्यांगच बरा वाटतो. मुलाला विचारलं तर तो म्हणतो माझं नाव लिही. पत्रकात नावच घाला, कोणकोणती मुलं येऊ शकतात ते सरळ लिहा, व्हीलचेअर वापरणारी, न दिसणारी, कमी ऐकू येणारी, उशिरा शिकणारी.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून लिहिलं. वरती मोठ्या अक्षरात नुसतं 'उन्हाळी शिबिर' (शिबिरची बि ऱ्हस्व, दोघांनी दीर्घ करून परत पाठवली होती). खाली: "लगोरी, क्रिकेट, डोंगर-पाणी, बुद्धिबळ. प्रत्येक मुलाला खेळता येतील असे बेतलेले खेळ. राज्य सगळ्यांवर येईल." मग चिंचबोरंनी दिलेली यादी, आणि भावंडांनाही घेऊन या.
वाळवण, 'जिवावर बेतणे' कुणाच्या डोक्यात आलं नाही, चार आयांना वाचून दाखवलं. लगोरीची थप्पी टेबलावर रचणार, म्हणजे चेअरवरून नेम धरता येईल आणि परत रचताही येईल. शुक्रवारी छापायला देतेय.

चिंचबोरं
राज्य सगळ्यांवर येईल हे त्याला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं त्याने. एक राहिलं, संडासाचं दार किती रुंद आहे आणि रॅम्प आहे का ते पत्रकातच लिहा. रॅम्प एक फूट चढायला बारा फूट लांब तरी हवा, नाहीतर चेअर ढकलणारा धापा टाकतो. आम्ही आधी तेच शोधतो, खेळ नंतर वाचतो.

गोदाकाठ
दार मोजलं नाहीये अजून. उद्या सकाळी टेप घेऊन जाते.