वीतभर ताटलीतलं जग: एपकॉटच्या खाद्यजत्रेत तुम्ही काय खाल्लंत?

येत्या ऑक्टोबरात आईबाबा सांगलीहून पहिल्यांदा अमेरिकेत येतायत. आम्ही अटलांटात राहतो, ऑर्लँडोला गाडीनं जायचं ठरलंय. बाबांना राइड्समध्ये काडीचा रस नाही आणि आईला पाळण्यात बसलं तरी गरगरतं. म्हणून एक अख्खा दिवस एपकॉट (ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधलं एक उद्यान), आणि तोही फक्त खायला. तिथं १९९६ पासून फूड अँड वाइन फेस्टिव्हल भरतो. हल्ली तो साधारण ऑगस्टअखेरीला सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. म्हणजे गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र आणि दिवाळी, सगळं त्यातच. तारखा ठरवताना कुणा मराठी माणसाला विचारलेलं नाही, हे उघड आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मधोमध तळं आणि काठानं मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा देशांची दालनं. पूर्ण फेरी दोन किलोमीटरला थोडी कमी भरते. दालनं बारा महिने असतात. जत्रेच्या दिवसांत त्यांच्या अधेमधे तिसाच्या वर खाण्याचे गाळे लागतात, एकेका देशाचे नाहीतर एकेका जिन्नसाचे. प्रत्येक गाळ्यावर दोनतीन पदार्थ आणि तेवढीच पेयं. पदार्थ प्रसादाच्या द्रोणाएवढा. पैसे मात्र द्रोणाचे नव्हेत, हे ऐकून आहे.

मेनू पाठवू नका, तो दर वर्षी बदलतो आणि शोधला की सापडतो. तुमचं तिथं काय झालं ते सांगा. काय आवडलं, काय फसलं, आणि न खाणाऱ्यांनी काय खाल्लं.

टँपाकर

तासाभरावर राहतो, वार्षिक पास आहे, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क आहे असं समजतो.

शनिवार-रविवार जाऊ नका. अर्धं फ्लोरिडा तिथं असतं. देशांचा भाग सकाळी अकराला उघडतो. मंगळवार-बुधवारी तेव्हा गेलात तर पहिले दोन तास राज्य तुमचं. सगळे मेक्सिकोकडून सुरू करतात, तुम्ही कॅनडाकडून करा.

आम्ही चौघं एका वेळी एकच ताटली घेतो. चार काटे, प्रत्येकाला दोन घास. उष्टंखरकटं हा विषय पार्किंगमध्येच ठेवून यायचा. माझी आई पहिल्या वर्षी स्वतःचा घास आधी काढून घ्यायची, दुसऱ्या वर्षी थेट माझ्या काट्यानं खात होती.

मनगटाला अडकवायचं छोटं गिफ्ट कार्ड मिळतं. त्यात ठरलेली रक्कम भरायची, ती संपली की जत्रा संपली. क्रेडिट कार्डानं खाल्लं तर हिशोब घरी आल्यावर कळतो. आणि दुपारी पाऊस येतो. येऊ शकतो असं नाही, येतो.

पोदेर

नाव वाचून कळलं असेल, गोव्याचा आहे. एकच गोष्ट सांगतो, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवरात्रात गेलो होतो. बरोबर माझी मावशी, नऊ दिवसांचे उपास करणारी. ब्राझीलच्या गाळ्यापाशी आलो. पाटीवर चीजचा पाव, त्यांच्या भाषेत 'पाव जि केजू'. हा 'पाव' म्हणजे आपलाच पाव. पोर्तुगीज तो गोव्यात घेऊन आले आणि ब्राझीललाही. आमच्याकडे भाजणारा पोदेर झाला, तो शब्दही त्यांचाच. मी मावशीला हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगत होतो. तिचं लक्ष दुसरीकडेच.

"हा मैद्याचा दिसत नाही," ती म्हणाली. बरोबर होतं. लिंबाएवढा गोळा, वरून कडक, आतून चिकट आणि पोकळ. तो कसाव्याच्या पिठाचा असतो. कसावा म्हणजे तोच कंद ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो. हे माझ्या तोंडून निघालं मात्र, मावशीचे डोळे चमकले. "म्हणजे साबुदाण्याचाच की! दूध, चीज, साबुदाणा. उपासाला चालतंय!"

चाललं असतं. पण मला कृती माहीत होती. त्यात अंडं पडतं.

सांगावं की नाही यावर मी पाच सेकंद विचार केला. सांगितलं. तिनं ताटली माझ्याकडे सरकवली, पिशवीतून केळं काढलं आणि मी सहाही गोळे संपवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. अजून विषय निघाला की म्हणते, तू गप्प बसायला हवं होतंस.

अर्धा ग्लास

तरुण असताना (दोन वर्षांपूर्वी) मित्रांबरोबर 'ड्रिंक अराउंड द वर्ल्ड' केलं होतं, म्हणजे प्रत्येक देशात एक पेय. मेक्सिकोत टकीला, तिथून पुढं सरकत जर्मनीत बिअर. आठव्या देशापर्यंत पोचायच्या आधीच मी एका बाकावर बसलो आणि तिथंच माझी जगप्रदक्षिणा संपली. बत्तीस अंश उकाडा, रिकामं पोट, चूक सर्वस्वी माझी. बाकीचे फ्रान्सला जाऊन ती प्रसिद्ध संत्र्याची स्लश पिऊन आले, मला फोटो दाखवला.

आईबाबांना वाइन चाखायची असेल तर पासपोर्ट बरोबर ठेवा. वय दिसतंय वगैरे चालत नाही.

धाकटी सून

क्लब कूल चुकवू नका. फुकट आहे. कोकाकोला कंपनीची वेगवेगळ्या देशांतली सरबतं तिथं नळाखाली छोटा कप धरून हवी तेवढी प्यायची. त्यातलं एक बेव्हर्ली, इटलीचं. दिसायला पाण्यासारखं आणि चवीला महाभयंकर कडू. इटलीत जेवणाआधी भूक लागावी म्हणून घ्यायच्या पेयांच्या जातीचं. जाणकार लोक नवख्याला काही न सांगता तेच प्यायला देतात आणि फोन रोखून उभे राहतात.

आमच्या मुलांनी हा डाव आजोबांवर टाकला. सासरे बहात्तर वर्षांचे, मूळचे साताऱ्याचे. दोन्ही नातू फोन घेऊन तयार. बाबांनी कप तोंडाला लावला, एका घोटात संपवला, जीभ टाळूला लावून बघितली. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, "चिरायतं आहे. जरा साखर जास्त पडलीय."

मग मुलांना तिथंच उभं करून पाडव्याला कडुनिंबाचा पाला का खायचा यावर पाच मिनिटं ऐकवलं आणि दुसरा कप भरून आणला. मागे एक अमेरिकन कुटुंब आपल्या पाहुण्याची फजिती करायला थांबलं होतं. बाबांकडे बघून पाहुणा निर्धास्तपणे प्यायला. पुढचं सांगत नाही.

पालेभाजी

शाकाहारी लोकांनो, माझ्यावरून शिका. कॅनडाचं चेडर चीज सूप फार गाजलेलं आहे, सगळे त्याचंच नाव घेतात. मी नाव ऐकलं, 'चीज सूप', रांगेत उभी राहिले, घेतलं, दोन चमचे प्याले. चव खरंच छान. तिसऱ्या चमच्यात काहीतरी कुरकुरीत. त्यात बेकन (डुकराचं मांस) असतं. बिअरसुद्धा असते. पाटीवर व्यवस्थित लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

त्यानंतर नियम केला: नावावर जायचं नाही, अख्खी ओळ वाचायची. पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांपुढं पानाची खूण असते. खूण नसेल तर विचारायचं, ते लोक शांतपणे सांगतात. फ्रान्सच्या गाळ्यावरचा गोंडस क्रोसाँ पाहून हात पुढं जाईल, त्याच्या पोटात गोगलगाय असते.

मला सगळ्यात आवडलेली वस्तू जत्रेतली नाहीच. नॉर्वेच्या बेकरीत बारमाही मिळणारा स्कूल ब्रेड. मऊ बन, मधे कस्टर्ड, कडेनं आयसिंग आणि त्यावर भाजलेला खोबऱ्याचा कीस. तोडला आणि वेलचीचा वास आला. वेलची आणि खोबरं! डोळे मिटून खाल्लं तर करंजीच्या सारणाचा डबा उघडल्यासारखं वाटतं. कुठं नॉर्वे आणि कुठं वेलची, पण तिकडच्या बन-ब्रेडमध्ये ती सर्रास घालतात. कस्टर्डात अंडं चालत नसेल तर मात्र हेही बाद.

द्राक्षबाग

मी लिहिणार नव्हतो, पण विषय नाशिकचा आहे. तो कसा ते सांगतो.

कोविडच्या आधीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, कामासाठी ऑर्लँडोत आलो होतो, शनिवार मोकळा. तेव्हा जत्रेत भारताचाही गाळा होता. पाटी वाचली: मद्रास रेड करी, कोर्मा चिकन आणि 'वॉर्म इंडियन ब्रेड'. त्याबरोबर लसणाचं लोणचं, आंब्याचा साल्सा आणि कोथिंबिरीचा पेस्टो. पेस्टो म्हणजे हिरवी चटणीच, उगाच कशाला. खाली पेयांची यादी होती. तिथं लिहिलेलं: सुला शेनिन ब्लाँ, नाशिक.

पुन्हा वाचलं. नाशिक.

माझं गाव दिंडोरी तालुक्यात. घरची बाग आहे, पण खायच्या द्राक्षाची, थॉमसन. वाइनचं द्राक्ष वेगळं. मणी बारीक, आत बिया, खायला बोलावून कुणी देणार नाही. शेनिन ब्लाँ मुळात फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं वाण. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या पारावर सगळे हसले होते, चांगली द्राक्षं कुणी कुजवतं का म्हणून. नंतर हसणाऱ्यांपैकीच काहींनी करारावर वाइनची द्राक्षं लावली.

एक घेतली. प्लास्टिकचा लहान पेला, त्यात चार घोट. मी काही जाणकार नाही. मला पिकल्या पेरूचा वास आला, आणि थंड होती एवढं सांगतो. तळ्याच्या कठड्याला टेकून आप्पांना फोन लावला. इकडं दुपारचा एक, तिकडं रात्रीचे साडेदहा. एरवी ते आठलाच झोपतात, पण गोडी छाटणी (बागेला द्राक्षं धरावीत म्हणून करतात ती) चालू होती आणि उद्या मजूर येणार की नाही याच्या फोनाफोनीत जागे होते.

म्हटलं, "आप्पा, इथं आपल्या नाशिकची वाइन विकायला आहे."

"मग?"

"मग काय, घेतली एक."

"एवढ्या लांब जाऊन नाशिकचीच घेतली का?"

मग विचारलं, केवढ्याला. मी सांगितलं. पलीकडं बराच वेळ आवाज नाही. आप्पांचा हिशोब मला इथूनही कळतो: डॉलरचे रुपये, पेल्याला किती द्राक्षं, किलोला आपल्याला काय मिळालं. हिशोब झाला असावा, पण आकडा बोलले नाहीत. म्हणाले, "तुझ्या मोबाइलवर बघ बरं, परवा आपल्याकडं पाऊस दाखवतोय का. छाटलेल्या बागेवर पडला तर डावण्या येतो." डावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.

तिथंच उभ्या उभ्या दिंडोरीचं हवामान बघितलं. ढगाळ दाखवत होतं.

हल्लीच्या वर्षी गेलात तर तो गाळा आहे का आणि ही बाटली आहे का, तेवढं बघून इथं लिहा.

कटकट्या

सगळे खूश दिसताय म्हणून थोडं मीठ टाकतो. हे देश नव्हेत, देशांचे देखावे आहेत. जगातलं खायचं असेल तर ऑर्लँडो शहरात मिल्स फिफ्टी नावाचा भाग आहे, तिथं व्हिएतनामी लोकांची खरीखुरी हॉटेलं आहेत. वाडगाभर फो (नूडल्सचं सूप) पोटभर खा, प्रवेशाचं तिकीट नाही, रांग नाही.

असं मी बायकोला दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी तिच्याबरोबर जातो. जपानच्या दालनातला बर्फाचा गोळा (त्याला काकिगोरी म्हणायचं) मलाच हवा असतो. काला खट्टा ठेवत नाहीत, एवढीच तक्रार.

धागाकर्ती, पुन्हा

जाऊन आलो. बुधवारी गेलो, कॅनडाकडून सुरू केलं, गिफ्ट कार्ड पावणेतीनला संपलं, पाऊस तीनला आला. टँपाकरांना दंडवत.

आईला स्कूल ब्रेड आवडला. एक तिथं खाल्ला, एक पर्समध्ये बांधून घेतला आणि हॉटेलवर कस्टर्ड बाजूला काढून चहाबरोबर खाल्ला. अटलांटात परतल्यावर तिनं बनच्या पिठात वेलची घालून बघितली. फुगले नाहीत, पण वास तोच आला.

बाबांचं काय सांगू. जत्रेत एक फुकट पुस्तिका मिळते, पासपोर्ट म्हणतात तिला. सगळ्या गाळ्यांची यादी, खुणा करायला जागा. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी खिशातलं लाल बॉलपेन काढलं आणि प्रत्येक घासाला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. ती पुस्तिका आता सांगलीला गेलीय, कट्ट्यावर दाखवायला. जायच्या आधी मी फोटो काढून ठेवला. ब्राझील साडेसात, 'सोडा कमी असता तर आठ'. जर्मनीचं सफरचंद आठ. क्लब कूल पुस्तिकेत नव्हतं, म्हणून समासात स्वतः लिहिलंय: इटलीचं कडू पाणी, सहा, 'प्रकृतीस बरे'. कॅनडासमोर गुण नाहीत. तिथं लिहिलंय, 'मुलीने वाचून दाखवले, घेतले नाही.'