मदत हवी आहे: जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यतेसाठी परीक्षा द्यावी की समायोजन प्रशिक्षण घ्यावे?

माझी धाकटी बहीण जीएनएम (नर्सिंग व प्रसूतिसेवेची पदविका) असून रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील तिची नोंदणी वैध आहे आणि जर्मन भाषेची बी-२ परीक्षाही ती उत्तीर्ण झाली आहे. तिचे शिक्षण आणि जर्मनीतील नर्सिंग शिक्षण यांतील तफावत दाखवणारा निर्णय जर्मनीतील मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडून आला असून, पूर्ण मान्यता मिळेपर्यंत तिला साहाय्यक म्हणूनच, अर्थात कमी पगारावर, काम करावे लागेल. तफावत भरून काढण्यासाठी ज्ञानपरीक्षा किंवा समायोजन प्रशिक्षण (तफावतीचे विषय शिकवणारा अभ्यासक्रम व वॉर्डातील सराव) यांपैकी एक मार्ग तिला निवडायचा आहे. तिला जर्मनीत नोकरी मिळवून देणारा एजंट परीक्षेचा आग्रह धरतो. त्यात तिच्यापेक्षा त्याचीच सोय अधिक असावी, असा माझा संशय आहे. करारात मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भाषाशिक्षणाचा खर्च परत करण्याची अट असल्याने मध्येच रुग्णालय बदलणे परवडणारे नाही. या मार्गाने गेलेल्यांनी कृपया सांगावे: प्रशिक्षणात वॉर्डातील मार्गदर्शन प्रत्यक्षात मिळते, की मनुष्यबळ कमी म्हणून केवळ कामाला जुंपले जाते?