लांज्याच्या फॅक्टरीतली टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) रत्नागिरीतून कशी उघडायची?

प्रश्न: काजू फॅक्टरी लांज्याला, मी रत्नागिरीत. व्हीपीएन (नेटवरून दोन ठिकाणं जोडणारी खाजगी लाईन) लावून टॅलीचा डेटा फोल्डर शेअर केलाय पण एक व्हाउचर (हिशोबाची नोंद) सेव्ह व्हायला मिनिटभर लागतो आणि पावसात लाईन तुटली की एरर, काय करू?

उत्तर: ताई, फोल्डर शेअर नका करू! टॅली एकेका एंट्रीला फाइलमध्ये सारखं वाचत-लिहीत असतं, ते सगळं नेटवरून जातं, मधेच तुटलं तर डेटा करप्ट. त्याच व्हीपीएनवरून रिमोट डेस्कटॉपने (दूरचा पीसी इथून चालवायची विंडोजची सोय) तिथल्याच पीसीवर जा, तुमच्याकडे फक्त स्क्रीन येते, लाईन गेली तरी सेशन तिथे चालूच.

उत्तर: तिथे विंडोज प्रो लागेल, होमला जमत नाही. आणि राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट बाहेर इंटरनेटला उघडू नका हो, रॅन्समवेअरवाले (डेटा लॉक करून पैसे मागणारे) तेच शोधत असतात.

उत्तर: पीसी न् राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.