तंतुकणिकेत ऊर्जा ‘तयार’ होते की ‘सुटते’?

कुळागरकर, फोंडा
नात नववीत आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकली, आता सगळं इंग्रजीतून. मायटोकाँड्रिया मराठीत समजावा म्हणाली. ‘तंतुकणिका’ म्हटलं तर, “आजोबा, हे तर आणखी कठीण!” मग ‘पेशीचं वीजघर, तिथं ऊर्जा तयार होते’ असं सांगितलं. शेजारचे निवृत्त मास्तर ऐकत होते, म्हणाले ऊर्जा कधी तयार होत नसते. मग क्रियापद कोणतं घ्यावं? आणि हे काम बिघडलं तर त्याला काय म्हणावं?

डिचोलीची बाई
काका, ‘तंतुकणिके’ला दोष नको. 1898 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी दोरा आणि दाणा या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून मूळ नाव ठेवलं. आपण तेच मराठीत आणलं. हिंदीत ‘सूत्रकणिका’ म्हणतात. नाव रूपावरून पडलं, कामाचा त्यात पत्ता नाही, एवढंच.
मास्तरांचं बरोबर आहे. अन्नातली ऊर्जा ‘सुटते’ आणि एटीपी या रेणूत ‘साठते’, तिथून पेशी ती वापरते. ही दोन्ही जोडीनं सांगावीत. नुसतं ‘सुटते’ म्हटलं की मुलांना चुलीतलं लाकूड आठवतं. खरा घोळ ‘श्वसना’चा. तो शब्द काढला की अर्धा वर्ग नाकाला हात लावतो. ‘पेशीश्वसन’ पूर्ण म्हणावं.

खाजणवाला
नातीला एकदा खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या शेतजमिनीच्या, बांधावर न्या. बांधाच्या एका बाजूला पाणी चढतं, दुसरीकडे कमी. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणदाराचं, दार उघडलं की पाणी जोरात धावतं. तंतुकणिकेचं आतलं आवरण म्हणजे तो बांध. अन्नातले इलेक्ट्रॉन पुढे सरकत जातात, त्या जोरावर प्रोटॉन बांधाबाहेर टाकले जातात आणि ते मानशीतून परत येताना एटीपी जुळतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली. बरीच वर्षं वाद झाले, मग 1978 मध्ये नोबेल.
बिघाडाचे शब्दही बांधावरच सापडतात. एक ‘अडथळा’, एक ‘गळती’. सायनाइड अडथळा आणतं: शेवटच्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतच नाहीत, मागची सगळी रांग तुंबते. छातीत हवा भरपूर, पेशीला उपयोग शून्य. डायनायट्रोफिनॉल हे रसायन म्हणजे बांधाला कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पाडलेली बिळं. प्रोटॉन मानस चुकवून आत झिरपतात, एटीपी जुळत नाही, नुसती उष्णता. 1930 च्या दशकात लोक ते वजन उतरवायला घेत, काही तापून मेले.

डिचोलीची बाई
उपमा आवडली, पण मानशीला चाक नसतं, तिच्या जागी असलेल्या एटीपी सिंथेजला, म्हणजे एटीपी जुळवणाऱ्या रेणूला, असतं. तो रेणू खरोखर गरगर फिरतो. आणि ‘गळती’ म्हणजे दरवेळी बिघाड नव्हे. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत ती मुद्दाम असते, अंग गरम राहावं म्हणून.
सायनाइडवरून आठवलं. पावसात किल्ल आणतो ना, बांबूचे कोंब? माझी सासू ते बारीक चिरून रात्रभर पाण्यात घालायची, सकाळी पाणी ओतून द्यायची, मग उकडायची. विचारलं की एकच उत्तर, “उग्र असतात गो.” कोंबात सायनाइड सोडणारा पदार्थ असतो, भिजवून, उकळून तो जातो. ‘उग्र’ हा शब्द मला ‘विषारी’पेक्षा नेमका वाटतो. विषारी म्हटलं की माणूस टाकून देतो, उग्र म्हटलं की पाणी बदलतो.

कुळागरकर, फोंडा
काल भरतीच्या वेळी मानस दाखवली. बराच वेळ बघत राहिली, मग विचारते, “आजोबा, ते चाक उलटं फिरतं का?” मला काय ठाऊक?

डिचोलीची बाई
फिरतं, काका. बाहेरचा प्रोटॉनचा साठा उतरला की तेच यंत्र एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर फेकतं. त्याला शब्द शोधायला नको. आपण विहिरीचं करतो तेच, उपसणं.