सेसनाचं इंजिन हवेत बंद पडलं तर काय करतात? मुलगी इंदूरला फ्लाइंग शिकतेय

रामबागेतली आई
नमस्कार मंडळी. मुलगी सेसना १५२ वर ट्रेनिंग घेतेय, एकच इंजिन असतं त्याला. काल जेवताना सहज म्हणाली की आज सरांनी वर असतानाच पॉवर काढून घेतली आणि विचारलं, सांग आता कुठे उतरवशील. माझ्या घशाखाली घास उतरेना. ती म्हणते आई, हे सगळ्यांना शिकवतात. पण खरंच बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येत नाही का? आणि रनवे लांब असेल तर मग शेत बरं की सुपर कॉरिडॉरसारखा मोठा रस्ता? नुसता धीर देऊ नका, खरं काय ते सांगा.

जुना इन्स्ट्रक्टर
ताई, दगडासारखं अजिबात येत नाही. नाक खाली करून ६० नॉट्सचा (ताशी साधारण ११० किमी) स्पीड धरला की १५२ तरंगत येतं, वारा नसेल तर हजार फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर जातं. पण आपल्याकडे एक गोष्ट पोरं विसरतात. इंदूरचा विमानतळच समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे, म्हणजे अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा) ३००० दाखवत असला तरी पायाखाली साडेअकराशेच, हातात दोन मिनिटंही पुरी नाहीत.

तेवढ्यात आधी स्पीड, मग शेत ठरवायचं आणि त्यानंतर इंजिन परत चालू होतंय का बघायचं, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा), फ्युएल, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनला स्पार्क देणारा भाग). पावसाळ्यात बाहेर २०-२५ डिग्री असतानाही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो, कार्ब हीटने कधी कधी तेवढ्यावरच सुटका होते. नाही झालं तर रेडिओवर १२१.५ या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर किंवा ज्या फ्रिक्वेन्सीवर आहोत तिथेच मेडे, म्हणजे संकटाची हाक, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा संकटाचा कोड, टेकायच्या आधी फ्युएल बंद, पट्टे घट्ट, दार किंचित उघडं म्हणजे फ्रेम वाकली तरी अडकत नाही.

टेकऑफनंतर लगेच बंद पडलं तर मागे वळायचं नाही, समोर डावी-उजवीकडे जे मिळेल तिथे. कमी उंचीवर वळायला जातात, स्पीड जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते, आणि माणसं तिथेच जातात. पंख सरळ आणि स्पीड कमी ठेवून टेकलं तर माणूस वाचतो. ताशी ८० किमीवरून ९ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट झटक्याने थांबायला तीन मीटरसुद्धा लागत नाहीत, स्पीड दुप्पट झाला की चौपट अंतर लागतं, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं, जमिनीच्या मानाने स्पीड कमी होतो. पंख झुडपात मोडले तर मोडू देत.

सांवेरकडचा शेतकरी
विमानातलं मला कळत नाही पण शेताचं सांगतो, कारण वरून सगळी शेतं हिरवीगार आणि सपाटच दिसत असणार. आमची काळी माती आहे. सावन-भादोत सोयाबीन उभं असतं तेव्हा खाली नुसता चिखल, ट्रॅक्टरचं चाक रुततं तिथे विमानाचं पुढचं छोटं चाक रुतून ते उलटंच होईल. सोयाबीन निघाल्यावर जमीन वाळली की बरी. एप्रिलमध्ये गहू कापून झाला की टणक रान मिळतं, पण मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आलू-कांद्याच्या शेतात सरीच्या दिशेने उतरा, आडवं नको. आणि विहिरी बघा, कितीतरी विहिरींना कठडाच नसतो. तार वरून दिसणार नाही, खांब बघायचे, जिथे मोटरची खोली तिथे तार आलीच.

शिकाऊ
रस्त्याबद्दल सांगते काकू. सुपर कॉरिडॉरवर मेट्रोचे पिलर, लाइटचे खांब आणि वर गाड्या. आम्हाला सांगतात की रस्ता रिकामा दिसला तरी त्याच्यावरून आडव्या तारा गेलेल्या असतात आणि बाइकवाल्याला मागून विमान येतंय हे कळणारच नाही. मी तरी शेतच निवडेन.

रामबागेतली आई
सगळ्यांचे खूप आभार. रात्री तिला बसवून सांवेरच्या दादांचं वाचून दाखवलं. तिने काल जे शेत दाखवलं होतं त्याच्या कडेला मोटरची खोली होती म्हणे, सरांनी पाचशे फुटांवर पॉवर परत दिली तेव्हा कुठे तिला तार दिसली. आता रविवारी आम्ही दोघी स्कूटीने त्या बाजूला जाऊन शेतं जमिनीवरून बघून येणार आहोत. दादा, बेटमा-देपालपूरकडेही माती अशीच आहे का? तिचं उडणं तिकडेही असतं.